माशीला माशी

तुमचं पत्र मिळालं. पाच पानं, चौदा परिच्छेद,
खाली सही,
म्हणजे सहीचं चित्र.

मी एकतीस वर्षं रेडरुथच्या छापखान्यात प्रुफं वाचली.
लिलावांच्या जाहिराती, चॅपेलची पत्रकं, मयतांच्या बातम्या.
त्यांत नाव चुकलं तर माणसं दारात येऊन उभी राहत,
हातात अंक, तोंडातून शब्द नाही.
तेव्हापासून मी पत्र वाचत नाही,
तपासते.

परिच्छेद सहा:
‘श्री. ट्रेव्हाक्सिस यांच्याकडे घराची किल्ली होती,
असे आमच्या स्वतंत्र चौकशीत आढळले.’

माझ्या भावाचं नाव जोरी ट्रेव्हास्किस.
आधी स, मग क.
वडिलांच्या थडग्यावर ग्रॅनाइटमध्ये तसंच आहे,
जाऊन बोट फिरवून बघा.

इस्पितळाच्या पत्रात हीच चूक होती.
हेच वाक्य, हाच परिच्छेद,
‘होती’नंतरचा स्वल्पविरामसुद्धा हाच.
फक्त ‘स्वतंत्र’ हा शब्द तुमचा.

स्वतः चौकशी करणारा माणूस
निदान चूक तरी स्वतःची करतो.
आमचा फोरमन पेंगेली याला म्हणायचा, माशीला माशी.
मूळ कागदावर माशी चिरडलेली दिसली
की नकलेत तीही काढायची, पायांसकट.
तुम्ही पायसुद्धा मोजून काढलेत.

आता किल्लीबद्दल.
ती त्या रात्री प्लिमथमध्ये होती, माझ्या पर्समध्ये,
आणि मी डोळ्यावर पट्टी बांधून वॉर्डात.
जोरीला त्यांनी दोन वाजून दहा मिनिटांनी टॅक्सीत बसवला.
नोव्हेंबर. पायजमा. मनगटाला कागदी पट्टा.
टॅक्सीवाल्याने पत्ता बरोबर गाठला, दार मात्र बंद.
साडेपाचला दूधवाल्या डेन्झिल युरेनला तो पायरीवर सापडला,
दाराशी हळू आवाजात बोलत होता, म्हणे.

डेन्झिलने हे सगळं लिहून दिलंय.
शाळा सोडल्यावर त्याने इतकं कधी लिहिलं नव्हतं.
जोडपत्र सात.

फोनवर चाळीस मिनिटं बासरी ऐकली,
मग तुमची एक मुलगी आली. गोड आवाज, तिचा काय दोष.
म्हणाली, जोडपत्र सात संचिकेत नोंदलेलं आहे.
मी विचारलं, किती पानी आहे?
बासरी पुन्हा सुरू झाली.

दीड पान आहे, बाई. दुसऱ्या पानावर दुधाचा डाग.
ज्याने उघडलं असेल
तो हा डाग विसरणार नाही.

फेरविचाराच्या अर्जात दोन चौकटी आहेत.
नवा पुरावा.
निर्णयात वस्तुस्थितीची चूक.
जुनाच पुरावा, पण तुम्ही न वाचलेला,
याला चौकट नाही.
मी पट्टी घेऊन तिसरी आखली. बरोबरची खूण तिच्यात केली.
चालत नसेल तर तसं कळवा,
सहीच्या चित्रासह.

पन्नास पौंडांचा धनादेश सोबत परत.
‘झालेल्या गैरसोयीबद्दल’ असं त्यावर लिहिलंय.
कुणाची झाली, तेवढं लिहायचं राहिलं.

जोरी म्हणतो, सोड गं मोवेना.
त्याने किल्ली आता सुतळीत ओवून गळ्यात घातलीय.
आंघोळीतसुद्धा काढत नाही. छातीवर हिरवट वण पडलाय.
मी त्याला सांगितलं, घर आपलंच आहे, दार आपलंच आहे.
तो मान डोलावतो
आणि मुठीत धरून झोपतो.

तर तुमचं पत्र परत पाठवते आहे.
समासात लाल पेन्सिलीने खुणा केल्यात.
परिच्छेद सहामध्ये जी नागमोडी रेघ दिसेल
तिचा अर्थ, अक्षरांची अदलाबदल करा.
शेजारच्या प्रश्नचिन्हाचा अर्थ, लेखकाला विचारा.
लेखक कोण, ते मात्र मला पत्रात सापडलं नाही.

दुरुस्त करून पुन्हा प्रूफ पाठवा.
मी इथेच आहे.
डोळा बरा झालाय,
चष्मा नवा आहे.